खोक्यावर देवगड, आत बेळगाव : तुमचे फळांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही खाली कोपऱ्यात एकच ओळ छापली होती, की फळं घेताना तुमचं डोकं कशानं फिरतं ते लिहून पाठवा. भाजीवर विचारलं होतं तेव्हा अकरा पत्रं आली होती, यावेळी मी मोजायचंच सोडून दिलं. निम्मी आंब्यावर आणि उरलेल्यातली निम्मी नुसत्या शिव्या, त्यामुळं छापण्यासारखी तेवढी निवडलीत. आधीच सांगते, मी काही शेतीतली डिग्रीवाली नाही. माझे मामा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात फळांच्या अडतीवर दिवाणजी होते, माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या गाळ्यावर भाताच्या पिंजारात (वाळल्या काडात) बसून सौदे बघत गेल्यात, तर थोडं तिथलं आणि थोडं नंतर वाचून-विचारून कळलेलं असं मिळून ही उत्तरं आहेत.

प्रश्न : पाडव्याला मुलीच्या सासरी द्यायला दोन डझनाचा हापूसचा बॉक्स घेतला. खोक्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात देवगड. विकणारा म्हणाला काका डोळे झाकून न्या, आणि मी खरंच डोळे झाकले. व्याह्यांनी आंबा कापला तर साल जाड, आत पिवळा आणि चव आंबूस. व्याही काही बोलले नाहीत, पण ते न बोलणंच जास्त लागलं. खरा देवगड ओळखायचा कसा? – राजारामपुरीतले एक काका

काका, खोक्यावरचं नाव हे खोक्याचं असतं, आंब्याचं नव्हे. रिकामं छापील खोकं कुणालाही मिळतं, त्यात काय भरायचं हे भरणाऱ्याच्या मनावर. आणि आपलं कोल्हापूर तर बरोबर मधोमध बसलंय, आंबा घाट उतरला की रत्नागिरी, फोंडा घाट उतरला की देवगड आणि हायवेनं सुटलं की दोन तासात बेळगाव. तिकडून बेळगाव-धारवाडचा हापूस येतो, इकडून कोकणचा येतो आणि दोघं एकाच फुटपाथवर शेजारी शेजारी बसतात, मग कुणाचा कुठला हे विकणाऱ्यालाच माहीत. कधीकधी त्यालाही नसतं, त्यालाही वरून तसंच सांगून दिलेलं असतं.

आता एक गोष्ट मी स्पष्ट बोलणार आहे आणि त्यावर मला पत्रं येणार हेही माहीत आहे. कर्नाटकचा हापूस वाईट नसतो. आमरसाला मी स्वतः तोच घेते, परवडतो आणि रस घट्ट निघतो. राग आहे तो त्याला देवगडचं नाव लावून देवगडच्या रेटनं विकण्याचा. हापूस या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी आहे. म्हणजे बेळगावच्या आंब्याला देवगड म्हणणं ही नुसती व्यापाऱ्याची थाप राहिलेली नाही.

ओळखायचं कसं, तर पहिलं नाक. देठाजवळ नाक लावा. कोकणचा पिकलेला हापूस खोलीत ठेवला तर शेजारीण विचारते काय आणलंय, कर्नाटकच्या आंब्याचा वास बेताचाच असतो. दुसरं साल, कोकणच्याची पातळ असते आणि जास्त पिकला की सुरकुततो, सुरकुतलेला बघून लोक नाक मुरडतात पण खाणारा तोच उचलतो. तिसरं कापल्यावर, आत केशरी असला तर कोकणचा आणि फिकट पिवळा असला तर बहुतेक घाटावरचा, म्हणजे बेळगाव-धारवाडकडचा. पण हे कापल्यावर कळून उपयोग काय, म्हणून डझनाच्या वर घेणार असाल तर एक आंबा तिथंच कापायला लावा. त्याचे पैसे द्या, फुकट मागू नका. जो कापून दाखवायला तयार नाही त्याच्याकडून पुढं जायचं, एवढं साधं आहे. आणि देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेनं २०२५ च्या सिझनपासून आंब्यावर वेगळा नंबर असलेलं स्टिकर लावायला सुरुवात केलीय, तो नंबर पडताळून बघता येतो. स्टिकर खोक्यावर नाही, आंब्यावर बघा.

तुम्ही एकटे नाही हो काका. मी यार्डात वाढलेली बाई, आणि मी सुद्धा एकदा पाच डझनाची पेटी न उघडता आणली. घरी स्वयंपाकघरात फरशीवर पेपर अंथरून पेटी उघडली, वरचा थर असा की फोटो काढून बहिणीला पाठवला. मग गवत बाजूला केलं, दुसरा थर जरा बारका. तिसऱ्या थरात माझ्या हाताला आधी काहीतरी ओलं लागलं. दोन कुजलेले, त्यांच्याखाली लिंबापेक्षा थोडे मोठे असे बारा-तेरा आणि तळाला घड्या घातलेला पेपरचा आख्खा गठ्ठा, पेटी भरल्यासारखी दिसावी म्हणून. तो पेपर मी वाचला, तीन महिने जुना होता. मामांना सांगितलं तर ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, अगं पेटी वरून नाही, तळातून बघायची असती.

प्रश्न : हापूस बाहेरून सोन्यासारखा, कापला की कोयीजवळ पांढरा स्पंज. इंजेक्शन देतात का? पैसे परत मागावेत का? – शाहूपुरी

इंजेक्शन वगैरे काही नाही, त्याला साका म्हणतात. हापूसचं ते जन्माचं दुखणं आहे. आंबा झाडावर पूर्ण तयार होईपर्यंत राहिला की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गराचं सत्त्व ओढून घेते, मग तो गर पांढरट आणि भुसभुशीत होतो. जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेनंही साका वाढतो. म्हणून तर बागायतदार आंबा सोळा आणे तयार व्हायची वाट बघत नाहीत, चौदा आण्यालाच उतरवतात. बाहेरून साका ना तुम्हाला दिसतो, ना विकणाऱ्याला. त्यामुळं एका आंब्यासाठी त्याच्याशी भांडू नका, डझनात चार निघाले तर मात्र जाऊन सांगा, ओळखीचा असला तर बदलून देतो. आणि फार मोठ्ठा आंबा बघून भाळू नका, मोठ्या फळात साका जास्त सापडतो, मध्यम घ्या. साक्याचा कंटाळाच आला असेल तर रत्ना खाऊन बघा, कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रानं नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये आणलेला आंबा आहे, त्यात साका होत नाही. आमच्याकडं सासरे म्हणतात हापूसची सर नाही, पण बशी तेवढीच चाटून ठेवतात.

प्रश्न : सगळे आंबे कार्बाइडनं पिकवलेले असतात असं व्हॉट्सअॅपवर रोज येतं. घरात नातवंडं आहेत. खायचं तरी काय? – एक आजी, उत्तरेश्वर पेठ

आजी, सगळे नसतात. पण असतात हे खरं आहे. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की त्यातून अॅसिटिलीन गॅस सुटतो, त्यानं फळाचा रंग भराभर बदलतो, आणि त्या पुडीत आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात म्हणून त्यावर बंदी आहे. पण रायपनिंग चेंबरमध्ये (फळं पिकवायच्या बंद खोलीत) इथिलीन गॅसनं पिकवणं वेगळं. इथिलीन फळ स्वतःच सोडत असतं, चेंबरमध्ये तोच बाहेरून देतात, आणि २०१६ पासून हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत त्याला परवानगी आहे. व्हॉट्सअॅपवाले या दोघांना एकाच पोत्यात घालतात.

संशय कशावरून घ्यायचा? आख्खी पाटी एकसारखी पिवळी, कुठं हिरवा डाग नाही, वास नाही आणि हातात घेतला तर टणक, असं दिसलं की सोडून द्यायचं. आणि मार्चच्या सुरुवातीला रस्त्यावर स्वस्तात ढीगभर पिवळा आंबा दिसला तर स्वतःलाच विचारायचं, की झाडाला एवढी घाई कशाची झाली? पूर्वी आपल्याकडं अक्षय तृतीयेला देवाला आंबा दाखवल्याशिवाय घरात खायचे नाहीत. त्यामागं कारण काहीही असो, तोपर्यंत आंबा खरंच तयार झालेला असायचा.

सगळ्यात निर्धास्त म्हणजे कच्चा, पाडाला आलेला आंबा आणून घरात अढी घाला. तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्हीच घातल्या असतील, पण सुनेसाठी लिहिते. कोपऱ्यात पोतं अंथरायचं, त्यावर भाताचं पिंजार (गोठेवाल्याकडं मागा, दहा-वीस रुपयात भारा देतो, नाहीच मिळालं तर पेपर), त्यावर आंबे देठ खाली करून एका थरात, एकमेकाला न चिकटता, वर परत पिंजार. फ्रिजमध्ये अजिबात नाही. एक दिवसाआड हात घालून बघायचं, मऊ पडलेला आधी काढायचा, डागाळलेला लगेच काढायचा नाहीतर तो शेजाऱ्याला घेऊन जातो. आठवडा-दहा दिवसात घरभर वास सुटतो, आणि मग नातवंडंच रात्री पिंजारात हात घालतात, ती राखण तेवढी करा.

प्रश्न : हॉस्टेलला राहतो. जानेवारीत द्राक्षं घेतली, आंबट निघाली म्हणून पिकतील असं समजून खिडकीत ठेवली. आठ दिवसांनी सुकली पण गोड काय झाली नाहीत. माझं काय चुकलं? – विद्यापीठ परिसर

भावा, तू आंबट मनुके केलेस.

द्राक्ष वेलीवरून तोडलं की संपलं, ते पुढं गोड होत नाही. कलिंगड, डाळिंब, संत्री, स्ट्रॉबेरी, अननस, जांभूळ सगळ्यांचं तसंच, तोडलं त्या दिवशी जेवढं गोड तेवढंच. आंबा, केळी, चिकू, सीताफळ, पपई, फणस ही मात्र तोडल्यावर पिकतात. हे एवढं डोक्यात ठेवलंस तर निम्मे पैसे वाचतील, कारण पहिल्या जातीची फळं चाखूनच घ्यायची आणि दुसऱ्या जातीची कच्ची घेतली तरी चालतात. तासगाव-पलूसकडची द्राक्षं आपल्याला हाकेच्या अंतरावर आहेत, फेब्रुवारी निम्मा होईपर्यंत कळ काढ, ऊन वाढलं की गोडी भरते आणि रेटही उतरतो. हिरवीगार चकचकीत द्राक्षं बघून भुलू नको, जरा पिवळसर, मधाच्या रंगाकडं झुकलेला घड घे. घडाच्या खालच्या टोकाचा मणी चाखून बघ, गोडी वरून खाली उतरते, खालचा गोड असला तर सगळा घड गोड. आणि मण्यावरची पांढरी धूळ म्हणजे औषधच असं नाही, बोटानं सारखी पुसली जाणारी लव ही द्राक्षाची स्वतःची असते, थेंब वाळल्यासारखे ठिपके दिसले तर ते फवाऱ्याचे. दोन्ही वेळा धुवूनच खा.

प्रश्न : मी रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो (मी बाई आहे, आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात, छापताना सुधारू नका). येताना जांभळं दिसली तर भाव ऐकून घाबरून परत आलो. रानात फुकट पडतंय ते एवढं महाग का? घासाघीस केली तर ती बाई तोंड फिरवून बसली. – मंगळवार पेठ

सुधारलं नाही हं मावशी, माझी सासू पण "मी जेवलो" म्हणते.

पण घासाघिशीत मी तुमच्या बाजूनं नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून त्या बायका पहाटेच्या एसटीनं टोपली डोक्यावर घेऊन येतात. जांभळाचं झाड किती उंच असतं आणि फांदी किती ठिसूळ ते एकदा बघा, घरातलं कुणीतरी वर चढून हलकेच उतरवतं, पडलं की फुटतं. सकाळी आणलेलं संध्याकाळी मऊ पडतं, दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. करवंदांचं तसंच, जाळीत हात घालून काढायची, काटे आणि चीक वेगळाच. मी एकदा एका आजींचे हात बघितले, पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं भरून देत होत्या, बोटांची पेरं चिकानं काळी आणि मनगटापर्यंत ओरखडे. द्रोण भरला, वर चार जास्त ठेवली आणि म्हणाल्या, पोराला दे. फळवाल्यांच्या टोप्या घालण्यावर मी आत्ता एवढं लिहिलं, पण माप भरल्यावर वर चार ठेवणारी ही एकच जमात राहिली आहे. आणि हा मेवा आहे किती दिवस, पाऊस जोरात लागला की संपलं. वटपौर्णिमेला पाच फळांत जांभूळ पाहिजे म्हणून सगळ्या एकदम धावतात, त्या दोन दिवसांत तर भाव विचारूच नका, आठ दिवस आधी खाऊन घ्या.

परवडत नसेल तर पावशेर घ्या, किलो कुणी सांगितलंय.

प्रश्न : मुलगी म्हणते कलिंगडात लाल रंगाचं इंजेक्शन देतात, नवरा म्हणतो वाजवून घे. कोण बरोबर? – कसबा बावडा

भोक पाडलेलं कलिंगड उन्हात दोन दिवस टिकणार नाही, एवढा उद्योग करून विकणाऱ्याला काय मिळणार? तरी शंका असेल तर कापलेल्या फोडीवर कापसाचा बोळा घासा, रंग मारलेला असला तर कापूस लाल होतो. वाजवण्याचं म्हणाल तर मला आजपर्यंत त्यातला फरक कळलेला नाही, आणि वाजवणाऱ्या पुरुषांना कळतो यावर माझा विश्वासही नाही. उलटं करून बघा, जमिनीला टेकलेला डाग असतो, तो लोण्यासारखा पिवळा झालेला पाहिजे. पांढरा असला तर घाईनं तोडलेलं आहे.

प्रश्न : दोन किलो सफरचंद घेतली, घरी किचनच्या काट्यावर पावणेदोन. हे रोजचंच झालंय. – संभाजीनगर

आधी हे बघा की तुमचा घरचा काटा बरोबर आहे का. सीलबंद एक लिटर पाण्याची बाटली ठेवा, एक किलो आणि वर बाटलीचे थोडे ग्रॅम दाखवले पाहिजेत. आता तीच बाटली पिशवीत घालून बाजारात न्या. मी खरंच नेते. फळवाल्याला म्हणते, दादा ही जरा ठेवा बघू काट्यावर. एकदोघांनी रागानं बघितलं, एकानं काट्यालाच हात लावू दिला नाही, तिथून मी पुढं गेले, आणि एक जण म्हणाला वहिनी आमचा बरोबर हाय, शेजारच्याचा बघा. शेजारच्याचा बघितला. त्याचं मी लिहीत नाही.

फळं ठेवायच्या आधी काट्यावर शून्य आहे का ते बघा, बऱ्याच वेळा आपण पैसे काढण्यात किंवा मोबाईलमध्ये असतो आणि तेवढ्यात पिशवी, टोपली, पुठ्ठा सगळं वजनात जातं. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते आणि त्याचं सर्टिफिकेट दुकानात दिसेल असं लावावं लागतं. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि सतत कमी भरत असेल तर वैधमापन शास्त्र विभागाकडं तक्रार करता येते. पावणेदोनच भरत असेल तर करा, लाजू नका, पाव किलो सफरचंद रोज कुणाच्या तरी घरी जातंय.

प्रश्न : ताई, तुमी गिऱ्हाइकांचीच बाजू छापताय, आमचं बी ऐका. मी गाड्यावर आंबा विकतो. येईल तो अंगठा लावून दाबून बघतोय, घेत न्हाई आनि जातोय. सकाळी टवटवीत असलेला माल दुपारपर्यंत काळा पडतोय, मग त्योच माणूस संध्याकाळी येऊन म्हणतोय डागाळलेला हाय, निम्म्यात दे. लोकांस्नी कसं सांगायचं? भांडलं तर गिऱ्हाईक तुटतंय. – एक फळवाला

दादा, तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे आपापल्या अंगठ्याकडं बघायला लागले. मी पण दाबते. म्हणजे दाबत होते. हापूसच्या पातळ सालीवर अंगठा लागला की आतला गर तिथंच चेचला जातो, वरून लगेच दिसत नाही, चार-पाच तासांनी डाग येतो, आणि तोपर्यंत दाबणारा घरी जाऊन झोपलेला असतो.

सांगायचं म्हणाल तर पाटी लावून काही होणार नाही, "कृपया हात लावू नये" वाचून आपली माणसं आधी हात लावतात. त्यापेक्षा एक करून बघा. कापलेला एक आंबा झाकून पुढं ठेवा, विचारणाऱ्याच्या हातावर एक फोड, आणि देठाकडून वास घ्यायला एक आंबा स्वतः उचलून त्याच्या नाकासमोर धरा. तुम्ही उचलून दिला की त्याचा हात पाटीत जात नाही. आणि तरीसुद्धा अंगठा शिवशिवणारे असतातच, त्यांच्यासाठी एक आंबा वेगळा बाजूला ठेवा आणि त्यावर खडूनं लिहा, "हा दाबा". संध्याकाळी तो माझ्यासाठी ठेवा, पूर्ण पैसे देते, रसाला चालतो.